चढाची शिल्लक, उताराचा खर्च
(डोंगरातल्या खडीच्या वाटेवर सायकल नेताना)



धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्याने दक्षिणेकडे निघालात, की सुमारे दहा किलोमीटरवर लळिंगचा डोंगर लागतो. वर फारुकी सुलतानांच्या काळापासून प्रसिद्ध असलेला किल्ला आणि भोवतालच्या टेकड्यांवर वनखात्याचे लळिंग कुरण. याच परिसरात लांडोर बंगला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३७ साली न्यायालयाच्या कामासाठी धुळ्यास आले, तेव्हा त्यांचा मुक्काम या बंगल्यात होता. लांडोर म्हणजे मोराची मादी, हे तुम्हांला ठाऊक असेलच. उन्हाळ्यात करपलेल्या या टेकड्या पावसाचे दोन झोडे झाले की हिरव्यागार होतात आणि मग शहरातली मुले सायकली घेऊन तिकडे जाऊ लागतात.

डोंगरातली वाट ही डांबरी सडक नव्हे. खानदेशातले डोंगर काळ्या बेसाल्ट खडकाचे. तो फुटला की त्याची टोकदार खडी होते आणि हवापाण्याने कुजला की मुरूम. दबलेल्या मुरुमात बारीक कण मोठ्या कणांमधल्या फटी भरून काढतात, म्हणून तो घट्ट बसतो आणि त्यावर सायकल बरी चालते. सुट्या खडीत मात्र फटी मोकळ्याच राहतात. दगड एकमेकांवरून घरंगळतात आणि चाक त्यांत रुतते. अशा वाटेवर चढताना दम का लागतो, आणि उतरताना धोका का असतो? दोन्हींचे उत्तर एकाच हिशोबात आहे. चढताना आपण ऊर्जा जमा करतो आणि उतरताना तीच खर्च करावी लागते. हा खर्च कुठे आणि कसा होतो, ते आज आपण पाहू.

चढ किती भाकरीचा?

समजा, तुमचे वजन ५० किलो आणि सायकलचे २० किलो, म्हणजे एकूण ७० किलो. वाट १०० मीटर उंची चढते. तेव्हा जमा होणारी स्थितिज ऊर्जा अशी:

७० × ९.८ × १०० = ६८,६०० ज्यूल.

हा आकडा मोठा वाटतो, पण अन्नाच्या भाषेत तो केवळ १६ किलोकॅलरींच्या आसपास भरतो. आपले स्नायू अन्नातल्या ऊर्जेचा साधारण पाचवा ते चौथा हिस्साच कामात आणतात, बाकीची उष्णता होते. म्हणून प्रत्यक्षात ७५ किलोकॅलरी खर्च झाल्या असे धरू. पन्नास ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत सुमारे १७० किलोकॅलरी असतात. म्हणजे शंभर मीटर उंचीचा मोबदला अर्ध्या भाकरीपेक्षाही कमी!

मग दम का लागतो? कारण प्रश्न केवळ एकूण ऊर्जेचा नाही. ती किती वेगाने द्यायची, म्हणजे शक्तीचा, आणि पायाने किती बल लावायचे याचा आहे. शिवाय खडी आपला वाटा घेते तो वेगळाच.

खडीचा वाटा

सपाट रस्त्यावर सायकल सोडून दिली तरी ती हळूहळू थांबते. टायर दबतो आणि पुन्हा फुगतो, खालची माती सरकते, दगड हलतात. या सगळ्यांत ऊर्जा जाते. हा रोध सायकलस्वारासह एकूण वजनाच्या प्रमाणात असतो. चांगल्या डांबरी रस्त्यावर साध्या सायकलला तो वजनाच्या साधारण हजारात आठ भाग असतो, तर सुट्या खडीवर शंभरात चार भागांपर्यंत जाऊ शकतो. आपले एकूण वजन ७० × ९.८ = ६८६ न्यूटन आहे. म्हणून डांबरी रस्त्यावर रोध सुमारे ५.५ न्यूटन आणि सुट्या खडीवर सुमारे २७.५ न्यूटन.

आता वीस मीटर चालल्यावर एक मीटर चढणारा रस्ता घ्या. चढामुळे मागे ओढणारे बल वजनाच्या विसाव्या हिश्शाइतके, म्हणजे ३४.३ न्यूटन. त्यात रोध मिळवला, की डांबरीवर सुमारे ४० आणि खडीवर सुमारे ६२ न्यूटन बल लागते. चढताना वेग कमी असतो, म्हणून हवेचा रोध सोडून देऊ.

तुमच्या वयाचा धडधाकट मुलगा किंवा मुलगी काही वेळ १०० वॅट शक्ती देऊ शकते असे धरा. शक्तीला बलाने भागले की वेग मिळतो. डांबरीवर हा वेग ताशी ९ किलोमीटर येतो आणि खडीवर ताशी ५.८ किलोमीटर. शंभर मीटर उंचीसाठी या चढावर दोन किलोमीटर जावे लागते. डांबरीवर त्याला सुमारे १३ मिनिटे लागतील, तर खडीवर सुमारे साडेवीस. चढ तोच, उंची तीच. पण सुटी खडी मध्येच हात घालून जवळजवळ ५५ हजार ज्यूल काढून घेते आणि ते परत कधीच देत नाही. तरीही सगळा हिशोब एका भाकरीच्या आतच बसतो, हे लक्षात घ्या.

दात मोजा

आपल्याकडच्या साध्या काळ्या सायकलच्या पुढच्या दातेरी चाकाला बहुधा ४४ आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ दात असतात. आपल्या सायकलचे दात स्वतः मोजून पाहा. पायडलचा दांडा सुमारे १७ सेंटिमीटर आणि मागच्या चाकाची त्रिज्या सुमारे ३५ सेंटिमीटर असते. आघूर्णाचा हिशोब केला, तर रस्त्यावर मिळणारे बल हे पायडलवरच्या बलाच्या केवळ पाचव्या हिश्शाएवढे निघते. या सायकलची रचना सपाट रस्त्यावर वेग मिळावा अशी आहे. बल देऊन वेग घेण्याचा हा सौदा आहे.

खडीच्या चढावर आपल्याला ६२ न्यूटन हवे होते. म्हणून पायडलवर सरासरी ३१० न्यूटन लागेल. पण पाय गोल फिरताना प्रत्येक क्षणी सारखे आघूर्ण देत नाही. दांडा आडवा असतो तेव्हा ते सर्वांत जास्त आणि उभा असतो तेव्हा जवळजवळ शून्य असते. हे धरले, तर खाली जाणाऱ्या पायाला सुमारे ४९० न्यूटन दाब द्यावा लागतो. पन्नास किलोच्या विद्यार्थ्याचे वजन किती? ५० × ९.८, म्हणजे ४९० न्यूटनच! सीटवरून उठून सगळा भार पायडलवर टाकावा लागतो, त्याचे कारण हे आहे. आणि पायडल मिनिटाला जेमतेम १८ फेरे फिरते. इतक्या संथ गतीने तोल सांभाळणेही कठीण जाते.

आता गिअरची डोंगरी सायकल घ्या. तिच्या पुढच्या लहान चाकाला २२ आणि मागच्या मोठ्या चाकाला ३२ दात आहेत असे धरू. चाकाची त्रिज्या ३३ सेंटिमीटर. सोयीसाठी वजन तेवढेच ठेवू. तोच चढ, तीच १०० वॅट शक्ती, तोच ताशी ५.८ किलोमीटर वेग. पण आता खाली जाणाऱ्या पायाला सुमारे १३० न्यूटन पुरे होतात आणि पायडल मिनिटाला जवळजवळ ६८ फेरे फिरते. गिअरने ऊर्जा वाचवली का? मुळीच नाही. बल कमी केले आणि फेरे वाढवले, एवढेच. घाटातला रस्ता वळसे घेत चढतो, त्यामागेही हेच तत्त्व आहे: अंतर वाढवा, बल कमी करा.

चाक जागच्या जागी का फिरते?

खडीच्या चढावर उभे राहून जोराने पायडल मारले, की पुष्कळदा मागचे चाक घसरते आणि जागीच गरकन फिरते. त्याचे कारण आता आकड्यांत सांगता येईल. चाकाला जमिनीकडून मिळणारे जास्तीत जास्त बल म्हणजे त्या चाकावरचा भार गुणिले घर्षणांक. सुट्या खडीवर हा घर्षणांक ०.४ धरू.

सीटवर बसलात तर एकूण भारापैकी सुमारे ६० टक्के, म्हणजे ४१२ न्यूटन, मागच्या चाकावर असतो. मर्यादा झाली १६५ न्यूटन. पायाच्या प्रत्येक फेऱ्यात आपले सर्वाधिक बल ९७ न्यूटनपर्यंत जाते. म्हणजे काळजी नाही. पण उभे राहून हँडलवर ओणवलात आणि मागच्या चाकावर ३५ टक्केच भार उरला, तर मर्यादा ९६ न्यूटनवर येते. चाक घसरणारच! गिअरचा खरा उपयोग खडीवर असा आहे, की तुम्हांला बसून राहता येते.

टायरमधली हवा हा दुसरा उपाय. जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ साली बेलफास्ट येथे सायकलसाठी हवेचा टायर बनवला, तोच मुळी खडबडीत रस्त्याचे धक्के चुकवण्यासाठी. टायर जमिनीला जेवढ्या जागेत टेकतो, ते क्षेत्रफळ साधारणपणे भार भागिले हवेचा दाब इतके असते. मागच्या चाकावर ४२ किलोचा भार आणि दर चौरस सेंटिमीटरला ४ किलो दाब असेल, तर टायर सुमारे साडेदहा चौरस सेंटिमीटर टेकतो. २ किलो असेल तर एकवीस. कडक टायर प्रत्येक दगडावरून उडी मारतो, म्हणजे तुमच्यासकट सायकल वर उचलतो. थोडा मऊ टायर दगडाला आपल्यात सामावून घेतो. म्हणून डोंगरी सायकलचे टायर रुंद असतात व त्यांत हवा कमी भरतात. बारीक टायरमध्ये मात्र हवा फार कमी करू नका. दगडावर आपटताच ट्यूब रिमखाली चिमटते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोके पडतात. आणि आपल्या भागात बाभळीचे काटे आहेतच, ते हवेचा दाब पाहत नाहीत!

उतारावर ऊर्जा कुठे जाते?

आता आपण वर पोहोचलो. जवळ ६८,६०० ज्यूल शिल्लक आहे. उतरताना ती शून्यावर आणायची आहे. कोणताही रोध नसता, तर शंभर मीटर खाली आल्यावर वेग ताशी जवळजवळ १६० किलोमीटर झाला असता. हवेमुळे तसे होत नाही. दहात एक उतारावर ब्रेक न लावता सायकल सोडली, तर डांबरीवर वेग ताशी अठ्ठेचाळीसच्या आसपास जाऊन स्थिरावतो. बऱ्यापैकी बसलेल्या खडीवर तो ताशी चव्वेचाळीस असेल. खडीने वेगात फारसा फरक पडला नाही, हे नीट पाहा. थांबण्याची क्षमता मात्र ती निम्म्यावर आणते. धोका नेमका याच ठिकाणी आहे.

वेग आटोक्यात ठेवायचा तर जवळजवळ सारी शिल्लक ब्रेकला उष्णतेच्या रूपाने खर्च करावी लागते. ६८,६०० ज्यूल म्हणजे किती उष्णता? २०० ग्रॅम, म्हणजे एक पेलाभर पाणी २० अंशांवरून उकळीपर्यंत आणण्यास लागते तेवढी.

डोंगरी सायकलीच्या जन्मकथेत ही उष्णता प्रत्यक्ष दिसते. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील टॅमलपाइस डोंगराजवळ एक कच्ची वाट आहे. ती तीन किलोमीटरपेक्षा थोड्या अधिक अंतरात सुमारे ४०० मीटर उतरते. १९७६ पासून काही तरुण जाड टायरच्या जुन्या सायकली घेऊन तिच्यावरून शर्यती लावू लागले. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यात असे आणि पायडल उलटे दाबले की तो लागे. एकदा खाली येईपर्यंत तुंबा इतका तापे, की आतले ग्रीस धूर होऊन उडून जाई आणि दर खेपेला नवे भरावे लागे. त्यामुळे त्या वाटेचे नावच ‘रिपॅक’, म्हणजे ‘पुन्हा भरा’, असे पडले. नव्वद किलोचा स्वार व सायकल धरली, तर ४०० मीटरांची शिल्लक साडेतीन लाख ज्यूल होते. तेवढ्यात लिटरभर पाणी उकळेल! याच खटाटोपातून नव्या धर्तीच्या सायकली घडल्या आणि १९९६ मध्ये अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये डोंगरी सायकलिंगला स्थान मिळाले.

आपल्या सायकलचा ब्रेक रिमवर घासतो. रिम मोठी असते आणि तिला सारखा वारा लागतो, म्हणून ती तुंब्याइतकी तापत नाही. पण तोरणमाळसारख्या ठिकाणाहून उतरताना सावध राहावे. सातपुड्यातील हे पठार १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात होते, आता नंदुरबार जिल्ह्यात आहे. त्याची उंची हजार मीटरहून अधिक आहे आणि घाटाला एकामागून एक वळणे आहेत. अशा लांब उतारावर मध्ये थांबून रिम निवू द्या, आणि तिला बोट लावू नका. पावसात लोखंडी रिम ओली झाली, की ब्रेकचे रबर तिच्यावर नीट धरत नाही. म्हणून वळण येण्याच्या बरेच आधी ब्रेक हलकेच दाबून रिम पुसून घ्यावी.

थांबायला किती अंतर लागेल?

दहात एक उतारावर तुम्ही ताशी ३० किलोमीटर वेगाने येत आहात. काळजीपूर्वक ब्रेक लावल्यास वापरता येणारा घर्षणांक डांबरीवर ०.५ आणि खडीवर ०.३ धरू. उतार त्यातला ०.१ खाऊन टाकतो. उरले ०.४ आणि ०.२. म्हणून ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंत डांबरीवर सुमारे ९ मीटर आणि खडीवर सुमारे १८ मीटर लागतात. समोरचे दिसून हात ब्रेकवर येईपर्यंत एक सेकंद गेला, तर त्यात आणखी ८ मीटर मिळवा. खडीवर झाले २६ मीटर. झाडीतल्या वळणावर एवढ्या लांबचे दिसते तरी का?

आता वेग निम्मा करा, ताशी १५ किलोमीटर. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असते, म्हणून ब्रेकचे अंतर चौथाईवर येते. खडीवर सव्वाचार-साडेचार मीटर आणि विचाराच्या एका सेकंदाचे तेवढेच, मिळून नऊ मीटरांच्या आत. छत्तीस नियम पाठ करण्यापेक्षा हा एक वर्ग ध्यानात ठेवा.

वळणाचेही असेच आहे. दहा मीटर त्रिज्येच्या वळणावर ०.३ घर्षणांक असेल, तर ताशी साडेएकोणीस किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने वळताच येणार नाही. शिवाय टायरची पकड एकच आहे. ती वळण्यासाठी खर्च झाली, तर ब्रेकसाठी उरत नाही. म्हणून सरळ वाटेवर, वळणाच्या आधीच दोन्ही ब्रेक मिळून वेग कमी करावा आणि वळणात ब्रेक सैल सोडावा. वळणात पुढचे चाक घसरले, तर सावरायला वेळ मिळत नाही. डोक्यावर हेल्मेट हवेच.

पाण्यालाही ब्रेक हवा

मागचा ब्रेक करकचून दाबला, की चाक फिरायचे थांबते आणि फरफटत जाते. अशा चाकाने मातीत चर पडतो. एका चराने काय बिघडते, असे वाटेल. पण त्या उतारावरून पुढे पाणी यायचे असते.

पाण्याचाही तोच हिशोब आहे. एक हेक्टर उतारावर ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर पाणी होते पाच लाख लिटर. त्यातले निम्मे वाहून गेले आणि २० मीटर खाली उतरले, तर त्याची ऊर्जा चार कोटी नव्वद लाख ज्यूल भरते. आपल्या विद्यार्थ्याची शिल्लक ६८,६०० ज्यूल होती. म्हणजे एका हेक्टरवरून सुमारे सातशे विद्यार्थी एकदम सायकली सोडून देत आहेत! ही ऊर्जा गवताच्या काड्यांत, पालापाचोळ्यात, दगडांच्या फटींत थोडी थोडी खर्च झाली, तर पाणी संथ होऊन मुरते. पण त्याला आयता चर मिळाला, की ते एकवटते, वेग घेते आणि माती घेऊन खाली जाते. पुढच्या वर्षी त्या ठिकाणी ओघळ असते आणि वाट नाहीशी झालेली असते.

साक्री तालुक्यातील बारीपाडा या आदिवासी गावाने हे ओळखले. १९९० नंतरच्या दशकात गावकऱ्यांनी आपल्या उजाड डोंगरांवरची तोड थांबवली, दंड ठरवले, राखण केली आणि ओघळींत दगडी बांध घातले. सुमारे ४४५ हेक्टर जंगल पुन्हा उभे राहिले आणि विहिरींना पाणी आले. या कामाचे नेतृत्व करणारे चैत्राम पवार यांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली. पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने पाहिले, तर प्रत्येक दगडी बांध हा पाण्याला लावलेला ब्रेक आहे. म्हणून वनखात्याच्या हद्दीत परवानगी घेऊनच जा, आखलेल्या वाटेनेच सायकल चालवा, चिखल असेल त्या दिवशी जाऊ नका आणि चाक फरफटवू नका.

करून पाहा

१. सपाट डांबरी रस्त्यावर दहा मीटरांच्या खुणा करा. ते अंतर ३.६ सेकंदांत कापलेत, तर वेग ताशी १० किलोमीटर आहे. दुसऱ्या खुणेवर पायडल थांबवा आणि सायकल किती मीटर जाऊन थांबते ते मोजा. मग हेच सुट्या खडीवर करा. वेगाच्या वर्गाला (मीटर, सेकंदांत) अंतराच्या दुपटीने आणि पुन्हा ९.८ ने भागा. मिळालेला आकडा म्हणजे रोधाचे वजनाशी प्रमाण. रस्त्यावर रहदारी नाही ना, हे आधी पाहा.

२. जुन्या टायरचा वीतभर तुकडा विटेखाली घट्ट बांधा. प्रयोगशाळेतल्या ताणकाट्याने ती वीट डांबरीवर, मुरुमावर आणि खडीवर ओढा. काट्यावरचे बल भागिले विटेचे वजन म्हणजे घर्षणांक. पाणी शिंपडून पुन्हा मोजा.

विचार करा

१. मित्राला डबलसीट घेतले, तर उतारावर ब्रेकमध्ये निर्माण होणारी उष्णता वाढेल का? टायरची पकड हीच मर्यादा असेल, तर थांबण्याचे अंतर वाढेल का? मग डबलसीटचा खरा धोका कोणता?

२. खडीचा घर्षणांक ०.३ आहे आणि उतार दहात तीन आहे. ब्रेक कितीही दाबला तरी सायकल किती अंतरात थांबेल?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर काढल्यावर एक गोष्ट आपोआप कळेल: काही उतारांवर सायकलवरून उतरून, ती हातात धरून चालत जाणे हेच शास्त्रशुद्ध असते.